कॉन्व्हेंट : एका शब्दाचा आणि एका शाळेचा शोध

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या नांदेडात ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाचा जो अर्थ रूढ आहे, तो शब्दकोशात सापडावयाचा नाही. पत्र्याच्या दोन खोल्या, दारावर मिकी माउसचे चित्र, पोरांच्या गळ्यात टाय, आणि पाटीवर अमुक महाराज इंग्लिश कॉन्व्हेंट. लातूरला गेलो तरी तेच, आणि आता तालुक्याच्या गावीही तेच. माझा धाकटा भाऊ अशाच एका कॉन्व्हेंटात दोन वर्षे होता. वडील मोंढ्यात हमाली करतात. हंगाम बरा गेला त्या वर्षी त्यांनी त्याचे नाव तेथे घातले, आणि पुढे दोन वर्षांनी फी थकली तेव्हा काढून आणले. माझे नाव तेथे घालावे की नाही, हा प्रश्न घरात निघालाच नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. आजी म्हणायची, “पोरीला काय करायचंय इंग्रजी? चुलीपुढं बोलायचंय का?” आजीवर माझा राग नाही. तिला स्वतःला सहीदेखील येत नव्हती.

महाविद्यालयात आल्यावर इतिहासाच्या तासाला सरांनी सहज सांगितले की, कॉन्व्हेंट म्हणजे जोगिणींचा मठ. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एकत्र येणे, मेळा. व्रतस्थ स्त्रिया जेथे एकत्र राहतात ते कॉन्व्हेंट, आणि त्यांनी चालविलेली शाळा ती कॉन्व्हेंट स्कूल. वर्गात हशा पिकला. म्हणजे आमच्या गल्लीतले अमुक महाराज इंग्लिश कॉन्व्हेंट हे खरे पाहता अमुक महाराज इंग्रजी मठ! मीही हसले. पण ज्या शब्दापायी वडिलांनी दोन वर्षे पाठीवर जास्तीची पोती वाहिली, तो शब्द आला कोठून, हे तरी समजून घ्यावे असे वाटले, आणि या लेखाची सुरुवात झाली.

मराठवाड्यात याचे मूळ शोधू गेले, तर जुने असे फारसे हाती लागत नाही. १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. वैजापूर तालुक्यातील घोगरगावच्या फ्रेंच फादर जाकिये यांचे नाव तिकडच्या खेड्यांत आजही आदराने घेतात; पण ते काम खेडोपाडीचे, मुलींच्या मोठ्या शाळेचे नव्हे. कॅथलिक पंथाचा औरंगाबाद धर्मप्रांत तर १९७७ साली झाला. निजामी राज्यातील जोगिणींची जुनी शाळा म्हणजे सिकंदराबादची सेंट अ‍ॅन्स. इटलीतील तुरीन शहराहून आलेल्या सेंट अ‍ॅनच्या भगिनींनी ती १८७१ साली लष्करी छावणीत काढली. पुढे तीसेक वर्षांनी मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग नांदेडवरून गेला, तेव्हा गाडी होती. पण त्या गाडीत नांदेडची मुलगी शिकावयास बसली असेल, असे मला वाटत नाही. तेव्हा उदाहरण म्हणून मी पुण्याची शाळा घेतली आहे. ती जुनी आहे, तिच्या संस्थापक मंडळाचा इतिहास स्पष्ट आहे, आणि पुण्यात मुलींच्या शिक्षणाच्या इतर शाळाही त्याच काळातल्या असल्याने तुलना करता येते. ही शाळा म्हणजे पुणे लष्कर भागातील कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी, स्थापना १८६०.

या मंडळाचा उगम पुण्यात नाही, हिंदुस्थानातही नाही. फ्रान्समध्ये लियों नावाचे शहर आहे, रेशमाच्या विणकरांचे. तेथे एका रेशीम व्यापाऱ्याच्या घरी क्लोदिन तेवने ही मुलगी १७७४ साली जन्मली. फ्रेंच राज्यक्रांती आपण अभ्यासक्रमात वाचतो ती पॅरिसची. बास्तीय, गिलोटीन आणि रोबेस्पिएर. लियों शहराने पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध बंड केले, वेढा पडला, १७९३ च्या ऑक्टोबरात शहर पडले, आणि मग सूड सुरू झाला. क्लोदिनचे दोन भाऊ शहराच्या बाजूने लढलेले. जानेवारी १७९४ मध्ये त्यांना इतर कैद्यांबरोबर गोळ्या घालण्यात आल्या. ते तिने डोळ्यांनी पाहिले. मरण्यापूर्वी भावांनी तिला निरोप दिला होता की, ज्यांनी आम्हांला धरून दिले त्यांना क्षमा कर. तेव्हा तिचे वय एकोणीस होते, म्हणजे आज माझे आहे तेवढे. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते.

पुढील काळात शहरात अनाथ आणि बेवारस मुले फार झाली. १८१५ साली एका धर्मगुरूला चर्चच्या दाराशी थंडीत काकडत पडलेल्या दोन लहान मुली सापडल्या; त्याने त्या क्लोदिनच्या मैत्रिणींकडे आणून दिल्या. त्यांतून गरीब मुलींचे आश्रयगृह निघाले. १८१८ साली तिने घर सोडून त्याच कामाला वाहून घेतले, आणि ‘जीझस अँड मेरी’ हे भगिनीमंडळ उभे राहिले. आश्रयगृहात मुलींना लिहा-वाचावयास, शिवावयास आणि रेशीम विणावयास शिकवीत. मुलीच्या हाताला धंदा पाहिजे, नाहीतर ती रस्त्यावर परत जाईल, हा विचार त्यामागे होता. पण या कामाला पैसा हवा. म्हणून सधन घरांतील मुलींसाठी फी घेऊन निवासी शाळाही काढली. एका बाजूस फीवाल्या मुली, दुसऱ्या बाजूस अनाथ मुली. क्लोदिन १८३७ साली वारली. १९९३ साली पोपने तिला संतपद दिले. हे दोन दरवाजे वाचकांनी लक्षात ठेवावेत, कारण पुढे त्यांचे काम आहे.

१८४२ च्या नोव्हेंबरात या मंडळाच्या मोजक्या भगिनी आग्र्याला येऊन पोहोचल्या. आग्र्याच्या कॅथलिक बिशपने त्यांना बोलाविले होते. फ्रान्सबाहेर मंडळाचे हे पहिलेच ठाणे. १८४५ साली मसुरीला शाळा निघाली आणि १८६० साली पुण्यास. यात एक गोष्ट चटकन दिसते : शाळा निघाल्या त्या छावण्यांच्या किंवा थंड हवेच्या गावी. गोरे शिपाई आणि अधिकारी जेथे, तेथे शाळा. १८५७ च्या उठावानंतर पुण्याची छावणी वाढली होती. खंडाळा ते पुणे आगगाडी १८५८ पासून सुरू होती, पण बोरघाटातला मार्ग १८६३ पर्यंत पुरा झाला नव्हता. मुंबईहून येणाऱ्याला घाट पालखीने वा तट्टावर चढावा लागे. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांतील मुली, शिपायांची पोरकी मुले, यांच्यासाठी मुख्यतः ही सोय होती. दोन दरवाजे फ्रान्समधून आले ते येथेही उघडले : फीची निवासी शाळा आणि अनाथालय. दुसरीकडे कराचीत १८६२ साली बेल्जमच्या ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या भगिनी आल्या, आणि पुढे मुंबईत वांद्र्याची सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट त्यांच्या हाती आली. मुंबई-पुण्यातल्या कॉन्व्हेंट शाळा बहुतेक अशाच कोणत्या ना कोणत्या युरोपीय भगिनीमंडळाच्या.

आता त्याच पुण्यात नदीच्या काठाकडे काय चालले होते ते पाहू. लष्करापासून भिडे वाडा फार तर दोन-तीन मैल. तेथे १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली होती. म्हणजे कॉन्व्हेंटच्या बारा वर्षे आधी. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडले हे आपण सर्वजण भाषणांत सांगतो. लष्करातल्या फ्रेंच भगिनींवर कोणी शेण टाकले नाही. कारण त्या सनातन्यांच्या मुलींना शिकवावयास आल्याच नव्हत्या. दोन्हीकडे मुली शिकत होत्या, दोन्हीकडे बायका शिकवीत होत्या, आणि मध्ये दोन-तीन मैलांवर दोन वेगळी जगे होती. १८८४ साली हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, तेव्हा मात्र गावातल्या घरांत खळबळ झाली, ‘केसरी’ने तिच्या अभ्यासक्रमावर टीका केली. कारण तेथे आपल्याच मुली जाणार होत्या.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. पंडिता रमाबाई यांना पुण्यात ज्या जोगिणी भेटल्या आणि ज्यांच्याबरोबर त्या १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे गेल्या, त्या कॅथलिक नव्हेत. त्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या. पांढरा झगा आणि गळ्यात क्रूस पाहून आपण सर्वांना एकाच माळेत ओवतो. मीही परीक्षेत तसे लिहून आले होते आणि सरांनी तांबडी रेघ मारली होती.

असो. कॉन्व्हेंटच्या आतले आयुष्य कसे असे, हे पुस्तकांवरून नीट कळत नाही. ते मला कळले लातूरच्या एका बाईंकडून. माझी आत्या त्यांच्याकडे स्वयंपाकाला जाते. बाईंनी ऐंशी ओलांडली आहे. लातूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या, म्हणून सारे गाव त्यांना बाई म्हणते. लहानपणी त्या पुण्यात एका कॉन्व्हेंटात निवासी विद्यार्थिनी होत्या. कोणत्या, ते लिहू नकोस असे त्या म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही.

त्यांच्या प्रवेशाचीच हकिकत ऐकण्यासारखी आहे. वडील लष्करी हिशेबखात्यात कारकून, सारख्या बदल्या. म्हणून मुलीला एका जागी ठेवावे असे त्यांनी ठरविले. १९५४ च्या सुरुवातीला ते शाळेत चौकशीस गेले, तर उत्तर मिळाले की, नवीन सरकारी हुकुमामुळे आम्हांला घेता येत नाही. मला हे आधी खरे वाटेना. ग्रंथालयात शोधले तेव्हा हुकूम सापडला. मुंबई सरकारने ६ जानेवारी १९५४ रोजी असा आदेश काढला होता की, इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याखेरीज कोणासही प्रवेश देऊ नये. हेतू देशी भाषांचा, हिंदीचा विकास हा. म्हणजे इंग्रजांचे राज्य जाऊन सात वर्षेही झाली नव्हती, आणि स्वराज्यातल्या सरकारने सांगितले की, या शाळेत तुमच्या वंशावर प्रवेश ठरेल! नाशिक जिल्ह्यातील देवळालीचे बार्न्स स्कूल चालविणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी आणि काही पालक उच्च न्यायालयात गेले व जिंकले. सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले, ते २६ मे १९५४ रोजी फेटाळले गेले. घटनेच्या २९ व्या कलमाप्रमाणे सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत धर्म, वंश, जात वा भाषा एवढ्याच कारणावरून नागरिकास प्रवेश नाकारता येत नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा. शिवाय ३३७ व्या कलमान्वये अनुदान घेणाऱ्या अँग्लो-इंडियन शाळांना निदान चाळीस टक्के जागा इतरांस खुल्या ठेवाव्या लागत, त्याच्याशीही हा हुकूम जुळत नव्हता. बाईंच्या वडिलांनी निकाल वर्तमानपत्रात वाचला, कात्रण खिशात घातले आणि पुन्हा शाळेत गेले. जूनमध्ये बाई कॉन्व्हेंटात दाखल झाल्या. वय वर्षे दहा. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या.

(आपल्या मराठवाड्याला तो हुकूम लागू नव्हता, आपण हैदराबाद राज्यात होतो. आणि लागू असता तरी येथे तो कोणावर लागू करणार होते?)

बाई सांगतात, सगळा दिवस घंटेवर चाले. पहाटे साडेपाचला घंटा, अंथरुणाची घडी, रांगेने तोंड धुणे. कॅथलिक मुली प्रार्थनेला जात, बाकीच्या मुली अभ्यासाच्या खोलीत गप्प बसत. कॅथलिक मुलींना धर्मशिक्षणाचा तास असे, त्याच वेळी हिंदू, पारशी, मुसलमान मुलींना नीतिपाठ. धर्म बदला असे बाईंना कोणी म्हटले नाही. पण नाताळच्या देखाव्यात त्यांना मेंढपाळ केले होते, याचे आजीला घरी फार दुःख झाले होते. शिक्षिकांत ‘मदर’ वेगळ्या आणि ‘सिस्टर’ वेगळ्या. शिकवीत त्या मदर. स्वयंपाकघर, धुणे आणि बाग पाहत त्या सिस्टर. बाईंना वाटे, हे वयावरून असेल. मोठेपणी कळले की ते घराण्यावरून आणि शिक्षणावरून असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, हा भेद बहुतेक मंडळांनी काढून टाकला. मठातही उतरंड होती हे ऐकून मला नवल वाटले, आणि आत्याला अजिबात वाटले नाही. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, “मंग! भाकरी करणारीला कोण मदर म्हणायलंय?”

शिवणकामाला तेथे मोठे महत्त्व. प्रत्येक मुलीची नमुन्यांची वही असे : कापडाच्या तुकड्यांवर धावदोरा, तुरपाई, काज, रफू. रफू अशी करावयाची की, बोटाने चाचपून कळू नये. बाईंची वही अजून आहे. मी हात फिरवून पाहिला, नाही कळत. लियोंच्या विणकर वस्तीतून निघालेली ही गोष्ट पुण्यात कारकुनाच्या मुलीच्या वहीत उतरली होती, पण हे तेव्हा मदरनाही ठाऊक असेल की नाही कोण जाणे.

इंग्रजीखेरीज बोलले तर एक लाकडी बिल्ला गळ्यात पडे. दुसरी कोणी मराठीत वा गुजरातीत बोलताना सापडेपर्यंत तो आपल्याच गळ्यात. रात्री ज्या मुलीपाशी बिल्ला असेल तिला गोड पदार्थ नाही. बाई म्हणाल्या, “शिक्षा मोठी नव्हती. पण बिल्ला उतरवण्यासाठी दुसरीवर पाळत ठेवावी लागे. मी माझ्या मैत्रिणीला मुद्दाम मराठीत प्रश्न विचारला होता. ती उत्तर देऊन बसली.” हे सांगताना त्या थोडा वेळ थांबल्या. सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट.

मग मी त्यांना विचारले, “बाई, तुम्हांला त्या शाळेने काय दिले?” त्या म्हणाल्या की, मुलगी म्हणून कोणी कमी लेखले नाही. मुख्याध्यापिका बाई, हिशेब पाहणारी बाई, मजुरांशी भाव करणारी बाई, गणित शिकवणारी बाई. दहाव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत त्यांनी एकही निर्णय पुरुषाने घेतलेला पाहिला नाही. लग्न होऊन लातूरला आल्यावर सासरी त्या नोकरी करणार म्हणाल्या, तेव्हा घरचे चकित झाले. त्यांना स्वतःला त्यात काही विशेष वाटले नव्हते. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. मराठी मात्र त्यांना तेथे नव्याने गिरवावी लागली. विद्यार्थिनी जोडाक्षरांवरून हसत.

माझ्या मते कॉन्व्हेंटच्या इंग्रजीवर आपण जेवढे बोलतो, तेवढे या दुसऱ्या गोष्टीवर बोलत नाही. ज्या काळी आपल्याकडे मुलींच्या शाळेचा कारभारही बहुधा पुरुष चालवीत, त्या काळी संपूर्ण संस्था बायकांनी चालविणे हे एक शिक्षणच होते. आमच्या गल्लीतील कॉन्व्हेंटांनी नाव घेतले, टाय घेतला, इंग्रजी थोडेसे घेतले. हे कोणी घेतले नाही. तेथे शिकविणाऱ्या ताईंना पगार किती मिळतो हे मी विचारले आहे. येथे लिहिण्यासारखा नाही.

आणि ते दोन दरवाजे? फीचा दरवाजा मोठा झाला. गरीब मुलींचा दरवाजा पुष्कळ ठिकाणी वेगळ्या इमारतीत, वेगळ्या माध्यमात राहिला : तिकडे इंग्रजी, इकडे देशी भाषा आणि शिवणकाम. भगिनींनी अनाथ मुली सांभाळल्या, रोग्यांची सेवा केली, हे खरे आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण एका बाकावर दोघींना बसविले का, हा प्रश्न उरतोच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. त्यातून विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा २०१२ च्या निकालाने आणि सर्वच अल्पसंख्याक शाळा २०१४ च्या निकालाने सुटल्या. त्याचा पुन्हा विचार व्हावा असे सर्वोच्च न्यायालयाच्याच एका पीठाने २०२५ मध्ये म्हटले. अल्पसंख्याकांचा आपल्या संस्था चालविण्याचा हक्क मोठा आहे, हे मला पटते. १९५४ साली त्याच घटनेने बाईंना दार उघडून दिले होते. तरी माझ्या बहिणीच्या मुलीसाठी अर्ज भरताना संगणकासमोर बसून शाळांची यादी खाली-वर करताना मला लियोंच्या त्या दोन पोरी आठवत होत्या. नंबर लागला नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला आहे. २००० सालापासून तेथेही पहिलीपासून इंग्रजी आहे. संध्याकाळी ती माझ्या मायला चित्रे दाखवून ‘अ‍ॅपल’ म्हणते, आणि माय म्हणते, “बरं हाय माय, सफरचंद तं बघायला मिळालं.”

बाईंकडून निघण्यापूर्वी त्यांनी मला एक पत्र्याचा डबा दाखविला. कॉन्व्हेंटात दर रविवारी घरी पत्र लिहावे लागे, आणि ते टाकण्यापूर्वी मदर वाचत. मदरना मराठी येत नव्हते, तेव्हा पत्र इंग्रजीतच. पहिले काही महिने बाईंना इंग्रजी येत नव्हते. मदर फळ्यावर पत्र लिहीत आणि नव्या मुली ते उतरून काढीत. म्हणजे सगळ्या घरी एकच पत्र जाई : मी बरी आहे, आनंदात आहे, तुमची आज्ञाधारक मुलगी. आईला इंग्रजी वाचता येत नव्हते. म्हणून बाईंनी सुटीत आईशी ठरवून घेतले होते की, कागदाच्या कडेला एक फूल काढले तर खरोखरच बरी आहे असे समज, दोन काढली तर आठवण येते आहे असे समज.

आई गेल्यावर हा डबा बाईंकडे आला. त्यांतील तीन पत्रे मी हातात घेऊन पाहिली. शाईच्या इंग्रजी ओळी, आणि प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये वडिलांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले मराठी. ते कचेरीत गेल्यावर आईला पुन्हा वाचता यावे म्हणून. पुसट झाले आहे, पण लागते. दोन पत्रांवर दोन-दोन फुले होती. तिसऱ्यावर चार.